देवाची करणी आणि टायरात हवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी त्यांना 'फोर बाय फोर' म्हणतो, कुणी 'ऑल व्हील ड्राइव्ह'. कपाशीचे चार पैसे, कंत्राटातली बचत किंवा पुण्याला नोकरीत असलेल्या मुलाचा हट्ट, कशातून का होईना, गाडी दारात येते. तिला हळदकुंकू लागते, चाकाखाली लिंबू फुटते. आणि मग पंधरा दिवसांत मालक पहिले काम कोणते करतो, तर ती चाके बदलण्याचे! कंपनीने दिलेली चाके त्याला किरकोळ वाटू लागतात. टायर रुंद हवा, रिम काळीभोर हवी, चाक मडगार्डच्या बाहेर दोन बोटे डोकावायला हवे. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले: 'गाडी भारी दिसते.'

दिसण्याला माझा विरोध नाही. ज्याचे पैसे त्याची हौस. परंतु चाक ही आरशावर लोंबणाऱ्या गोंड्यासारखी शोभेची वस्तू नव्हे. सव्वा-दीड टन वजनाची गाडी आणि तिच्यातली पाच माणसे, यांचा जमिनीशी जो काही संबंध असतो तो तळहाताएवढ्या चार जागांपुरताच. ब्रेक लागतो तो तिथे आणि वळण घेतले जाते तेही तिथेच. म्हणून या जागांचा सौदा डोळ्यांनी करू नये, हिशेबाने करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आयुष्य बँकेत गेल्यामुळे हिशेबाची खोड सुटत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

पहिला भ्रम रुंदीचा. चिखलातून जायचे तर टायर रुंद हवा, असे सर्रास सांगितले जाते. ज्यांना जुनी विलीज जीप आठवते त्यांनी तिची चाके आठवून पाहावीत. ६.००-१६ मापाचा टायर, म्हणजे रुंदी जेमतेम सहा इंच. त्याच सडपातळ चाकांवर ती गाडी दुसऱ्या महायुद्धात रानोमाळ फिरली. पुढे १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि त्या जीपगाड्यांनी खेडोपाडी सरकारी साहेब पोचवले. आजच्या जिम्नीलाही कंपनी १९५ मिलिमीटरचाच टायर देते. रस्त्यावरच्या किती तरी साध्या गाड्यांचे टायर त्याहून रुंद असतात. पातळ चिखलाखाली टणक थर असेल तर अरुंद टायर चिखल कापून त्या थराला टेकतो. वाळूत रुंद टायर उपयोगी पडतो, हे खरे. पण दारव्ह्यात वाळवंट कुठे आहे?

आपल्याकडे आहे ती काळी माती. पाणी पिऊन फुगणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. जुलै महिन्यात पांधणीतून वावराकडे जाणाऱ्या माणसाच्या चपलेला ती कशी चिकटते, हे आम्हा वऱ्हाडकरांना सांगायला नको. टायरच्या नक्षीतही ती तशीच गच्च बसते, आणि चार फेऱ्यांत महागडा टायरसुद्धा पिठाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो. खोल खाचांचा 'मड टेरेन' टायर थोडा अधिक टिकाव धरील. पण तोच टायर उरलेले दहा महिने डांबरावर घोंघावत राहील, ओल्या सिमेंटवर कमी पकड देईल आणि डिझेल जास्त पिईल. ज्याला रोज वावरात जायचे आहे त्याने मधला, 'ऑल टेरेन' जातीचा टायर घ्यावा. ज्याची गाडी दारव्हा-यवतमाळ आणि वर्षातून चारदा पुणे एवढेच करते, त्याने कंपनीचाच साधा रस्त्याचा टायर ठेवावा. आपण प्रत्यक्षात कोणत्या रस्त्यावर किती चालतो, याची महिनाभर वहीत नोंद केली तर निम्म्या लोकांची हौस तिथेच फिटेल.

दुसरी गोष्ट खास चारही चाके चालणाऱ्या गाड्यांची, आणि ती फार कमी दुकानदार सांगतात. या गाड्यांना चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि शक्यतो सारखेच झिजलेले लागतात. समजा, ग्रँड व्हिटाराच्या ऑल व्हील ड्राइव्हचा २१५/६० आर १७ हा टायर आहे. त्याचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर. पुढचे दोन टायर नवे टाकले, मागचे दोन पाच मिलिमीटर झिजलेले तसेच ठेवले, तर व्यासात दहा मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला किती क्षुल्लक! पण मागचे चाक पुढच्यापेक्षा दर किलोमीटरला जवळजवळ सात फेरे जास्त मारते. चाळीस किलोमीटरच्या प्रवासात हा फरक अडीचशे फेऱ्यांच्या वर जातो. गाडीतल्या यंत्रणेला वाटते की एखादे चाक घसरते आहे. ती मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारा जोड पुनःपुन्हा आवळू लागते, तो तापतो, आणि दोन टायरांचे पैसे वाचवणाऱ्याच्या हातात पुढे गिअरपेटीच्या कामाचे बिल पडते. थार किंवा जिम्नीत पुढचा-मागचा दांडा 'फोर एच'मध्ये थेट जखडला जातो. तिथे तर ही तफावत सोसायला मध्ये काहीच नाही. म्हणूनच कोरड्या डांबरावर तो दांडा ओढू नये, असे पुस्तिकेत लिहिलेले असते. पण पुस्तिका वाचतो कोण?

तिसरी गोष्ट मापाची. वरच्याच गाडीला कुणी २३५/६५ आर १७ बसवला, तर व्यास ७३७ मिलिमीटरवर जातो, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास वाढतो. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशे सातने धावत असते. वजनदार चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात, आणि पूर्ण वळवले की टायर आत घासतो. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा जाणत्यांचा दंडक आहे. रिमच्या बाबतीत नटांचे अंतर, मधल्या भोकाचे माप आणि चाक किती आत-बाहेर बसते तो 'ऑफसेट', या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. चाक बाहेर डोकावले की बेअरिंगवरचा भार वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आहेच. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे.

मापाची ही शिस्त आपल्याला परकी नाही. बंडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती लाकडी चाकापेक्षा किंचित लहान घडवतो, जाळात लाल करून फुगवतो आणि चढवून पाणी ओततो. ती आवळून बसली तर चाक वर्षानुवर्षे टिकते. बोटभर चुकली तर चाक खिळखिळे होते. आमच्या दारव्ह्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूर धावणारी शकुंतला आता बंद आहे. पण तिची चाके अडीच फुटी रुळांसाठी घडवलेली होती, आणि ती अंगुळभर रुंद केली तर छान दिसतील असे कुणाच्या मनात आले नाही. मोटारीला रूळ नसतात, म्हणून काहीही चालते असा आपला समज झाला आहे.

आता हवेविषयी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की गावोगाव एक सल्ला मिळतो: 'हवा थोडी कमी ठेवा, नाही तर टायर फुटेल.' हा सल्ला नेमका उलटा आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, वाकण्याने तापतात, आणि तापून फुटतात. सकाळी टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढी हवा भरावी.

टायर फुटला की आपण आकाशाकडे बोट दाखवतो. २०१० साली पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला आणि घरातला एकमेव कमावता तरुण गेला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई दिली. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे, की टायर फुटणे ही देवाची करणी. २०२३ साली न्या. एस. जी. डिगे यांनी ते फेटाळले. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुना वापरलेला टायर, तापमान ही टायर फुटण्याची कारणे आहेत आणि निघण्यापूर्वी टायर पाहणे हे माणसाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय. माझ्या मते हा निकाल प्रत्येक टायरच्या दुकानात फ्रेम करून लावायला हवा.

आपल्यासाठी तर तो अधिकच जवळचा आहे. कारंजा लाडला गेले की समृद्धी महामार्ग लागतो. २०२२च्या डिसेंबरात तो नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ला मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. सरळ सिमेंट, मोटारींना ताशी १२०ची मुभा, वर ऊन. गावात चाळीसच्या वेगात सगळे टायर सारखेच साधू असतात. त्यांचा खरा स्वभाव कळतो तो तिथे. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हाही पहिला शब्द निघाला तो 'टायर फुटला' हाच. पुढे परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे जिथे टायर खरोखर दोषी असतो तिथे आपण देवाला पुढे करतो, आणि जिथे नसतो तिथे टायरला. माणूस दोन्हीकडे मोकळाच!

तेव्हा चाकांसाठी पैसे बाजूला काढले असतील तर त्यांचा क्रम असा लावावा. आधी कंपनीच्या मापाचे चार सारखे टायर आणि त्याच मापाची स्टेपनी. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचावेत. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. मापाशेजारचा भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नको. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो. बँकेत आम्ही कर्जावर मार्जिन ठेवायचो, तसे हे वजनावरचे मार्जिन आहे, ते कापू नये. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. पावसाळ्यात त्याआधीच संपला असे समजावे. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि स्वतःचा हवा मोजण्याचा काटा. एवढे करून उरलेच, तर रिमची हौस. तीही अशी, की लोखंडी रिम खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला तर ती टाकावीच लागते, हे ध्यानात ठेवून.

दुकानदारांनीही एक करावे. टायरचे माप, भाराचा अंक आणि उत्पादनाचा आठवडा बिलावर लिहून द्यावा. गिऱ्हाईकाने तो मागून घ्यावा. आपण सोने घेताना कॅरेट लिहून घेतो. सोन्यात खोट निघाली तर पैसे जातात, इथे तर घरातली माणसे बसलेली असतात.