बोटभर पिन

मागच्या महिन्यात मालवणहून मामाचा फोन आला. "बाय, तुझ्या बंगळुरात सगळा गावता. माका सुकाणूच्यो चार पिनो करून धाड." मी कोरमंगलात एस. टी. बेड लेआउटला राहते, म्हणजे एका जुन्या तळ्याच्या पोटात. पावसाळ्यात घरासमोर गुडघाभर पाणी साचतं, तेवढाच माझा नौकानयनाशी संबंध. पण मामाला नाही म्हणणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही.

मामाकडे चौदा फुटी, दोन सांगाड्यांची, शिडाची जुनी होडी आहे. अशा होडीला कॅटमरान म्हणतात. शब्द इंग्रजी वाटतो, पण तो मूळचा तमिळ आहे, कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधून समुद्रात जाणाऱ्या कोळ्यांची ही होडी. आज जगभर किनाऱ्यांवर दिसणारी छोटी कॅटमरान, उदाहरणार्थ १९७० च्या सुमाराची हॉबी १६, तिचीच लांबची नातेवाईक. दोन सांगाडे म्हणून दोन सुकाणू, आणि दोन्ही एका आडव्या दांडीने जोडलेले.

आता तुमच्या घराच्या दाराकडे बघा. दार चौकटीला ज्या बिजागऱ्यांवर टांगलेलं असतं, त्यातून एक बारीक दांडा गेलेला असतो. सुकाणूही होडीच्या मागच्या टोकाला अगदी तसंच टांगलेलं असतं. तो दांडा म्हणजे ही पिन. फरक इतकाच, की घराचं दार दिवसातून वीसदा उघडतं आणि हे दार लाटांमुळे मिनिटाला कित्येकदा हलतं, तेही खाऱ्या पाण्यात.

पिन मोडली कशी, ते मामाने दुसऱ्या फोनवर सांगितलं, तेही मामी अंगणात गेल्यावर. तो आणि माझा बारा वर्षांचा मामेभाऊ दुपारी बाहेर पडले होते. परतताना वारा वाढला आणि डावं सुकाणू खटकन सुटून लोंबायला लागलं. नशीब की दुसरं शाबूत होतं. मामाने पुढचं शीड उतरवलं, सुटलेलं सुकाणू दोरीने आवळून बांधलं आणि एका सुकाणूवर हळूहळू किनारा गाठला. मामीला सांगितलं, वारा पडला म्हणून उशीर झाला.

मी मोडक्या पिनेचा फोटो मागवला. दोन्ही टोकं चकचकीत होती, आणि मधे, जिथे ती बिजागरीच्या आत असते तिथे, तपकिरी डाग आणि कमरेत बारीक झालेली. मोडली बरोबर तिथेच. आणखी बघितलं तर ती पिन नव्हतीच. एका हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला लांब बोल्ट होता, आणि त्याचे आटे अर्ध्या बिजागरीपर्यंत आलेले. आटे म्हणजे दांड्यावर मुद्दाम पाडलेल्या खाचा. दांडा तिथे बारीक असतो आणि ताण तिथेच साठतो. बिजागरीच्या आत नेहमी गुळगुळीत भागच यायला हवा.

पण "स्टेनलेस" असून गंज कसा? हा प्रश्न मीही विचारला. आपल्या डब्यातलं स्टील गंजत नाही, कारण त्यातल्या क्रोमियमची एक अतिपातळ साय पृष्ठभागावर तयार होते. ओरखडा पडला तर ती पुन्हा धरते, पण त्यासाठी हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन लागतो. घट्ट फटीत अडकलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, साय फाटते आणि स्टील आतून खाल्लं जातं. बाहेरून मात्र सगळं छान दिसतं. पिन ओढून काढल्याशिवाय कळतच नाही, आणि मामाने ती तीन हंगाम काढली नव्हती.

त्यात आपल्याकडे स्टेनलेसच्या नावाखाली बरंच काही विकलं जातं. स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांचं स्टील बहुतेक ३०४ जातीचं, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. त्याहून स्वस्त २०२, ज्यात निकेल कमी करून मँगनीज घालतात. समुद्रासाठी हवं ३१६, ज्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मीठ त्याला उशिरा चावतं. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही, दोन्हीला तो जवळपास चिकटतच नाही. बोल्ट घेत असाल तर डोक्यावरची खूण वाचा, ए२ म्हणजे ३०४ आणि ए४ म्हणजे ३१६. नुसता दांडा घेत असाल तर गिरणीचं चाचणी प्रमाणपत्र मागा.

घरात चर्चा झाली तेव्हा सगळ्यांनी आपापली मतं दिली. आई म्हणाली पितळ घे, आजीची भांडी अजून आहेत. पण समुद्राच्या पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे गुलाबीसर, भुसभुशीत तांबं उरतं. कासं चांगलं, लाकडी गलबताला तर उत्तमच. मामाच्या होडीच्या बिजागऱ्या मात्र ॲल्युमिनियमच्या ओतीव आहेत, आणि तिथेच खरी मेख आहे.

स्टीलच्या पातेल्यात टोमॅटोचं सार ठेवून त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल टेकेल अशी लावा. सकाळी फॉइलला भोकं पडलेली दिसतील. दोन वेगळे धातू आणि मधे आंबट किंवा खारट पाणी, की झाली एक छोटी बॅटरी, आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. तांबं असलेले धातू ॲल्युमिनियमला याहून लवकर खातात, म्हणून कासं बाद. कार्बन फायबर हलकं आणि ताकदवान, पण तेही ॲल्युमिनियमला असंच खातं. टायटॅनियम समुद्रात गंजत नाही, पण त्याचा भाव ऐकून मी फोन ठेवला. शिवाय महाग पिन वाचेल आणि बिजागरी खाल्ली जाईल ती जाईलच.

म्हणून निर्णय असा: ३१६ चा गुळगुळीत दांडा, आणि तो ॲल्युमिनियमला थेट टेकू नये म्हणून मधे प्लास्टिकच्या नळ्या, म्हणजे बुश. बुश नायलॉनचे नकोत, नायलॉन पाणी पिऊन फुगतो आणि सुकाणू जड होतं. ॲसिटल नावाचं प्लास्टिक पाणी फारसं घेत नाही. मामा म्हणाला होता ८ मिलिमीटरऐवजी १० चा दांडा घे. हिशेब त्याच्या बाजूने आहे. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण त्यासाठी बिजागरीचं भोक मोठं करावं लागलं असतं आणि ओतीव भिंत पातळ झाली असती. मी ८ वरच थांबले. पिन भोकात नीट बसली तर तिला वाकायला जागाच उरत नाही. ढिली असेल तर प्रत्येक लाटेचा घाव बसतो.

पीण्यातल्या एका लेथवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, ३०४ लगा दो, सेम है." मी प्रमाणपत्र मागितल्यावर त्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, आणि मग आतून दुसरा दांडा आणला.

एवढ्याशा गोष्टीसाठी इतकी दगदग कशाला, असं वाटत असेल तर २०१८ सालची तारिणी आठवा. दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ५६ फुटी नौका, भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी, कॅप्टन वर्तिका जोशी. जगाची प्रदक्षिणा संपत आलेली. केपटाऊनहून गोव्याकडे येताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि त्यांना मॉरिशसला पोर्ट लुईस बंदरात थांबावं लागलं. दुरुस्ती करून २१ मे २०१८ ला त्या गोव्यात पोचल्या. केप हॉर्न पार केलेल्या नौकेलाही सुकाणूने बंदर गाठायला लावलं.

आमच्याजवळ हलसूर तळ्यात सैन्याच्या एमईजीची माणसं शिडाच्या होड्या चालवतात. तिथे गोडं पाणी, पिनेला सुख. मालवणला तसं नाही. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी घातली: दर वेळी किनाऱ्यावर आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, पावसाळ्याआधी पिना बाहेर काढून पुसून ठेवायच्या, खालच्या टोकाची सुरक्षा कडी चिकटपट्टीने बांधायची, आणि दोन जादा पिना होडीतच, घरातल्या कपाटात नव्हे.

पार्सल मामीने उघडलं. चिठ्ठी वाचली. मग मला फोन केला, "ह्या कित्याक लागला गो? आधीची खंय गेली?"

मी म्हटलं, मामाला विचार.