गच्चीची किल्ली कुणाकडे?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री पावणेदोनच्या सुमारास आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा मीटर बोर्ड पेटला. आमची बिल्डिंग म्हणजे बदलापुरात हजारो आहेत तशीच एक. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, एक जिना. मीटर बोर्ड जिन्याखाली. त्याच्या आजूबाजूला तीन स्कूटर, कुणाची तरी मोडकी खाट आणि गेल्या दिवाळीपासून पडून असलेले पुठ्ठ्याचे खोके.

मला जाग आली ती वासाने. दार उघडलं तर समोरचं दार दिसेना. खाली जायचा प्रश्नच नव्हता, कारण धूर खालूनच येत होता. चौथ्या मजल्यावरचं सहा जणांचं कुटुंब कुणीही करेल ते करून बसलं. वर, गच्चीकडे पळालं. आणि गच्चीच्या दाराला कुलूप.

किल्ली खजिनदारांकडे. खजिनदार लग्नाला चिपळूणला.

खाली वॉचमनने आणि दोन पोरांनी मेन स्विच पाडला, बांधकामाची वाळू पडली होती ती घमेल्याने टाकली, आणि दहा मिनिटांत सगळं विझलं. कुणाला काही झालं नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजी मात्र ती दहा मिनिटं त्या बंद दाराशी, शेवटच्या पायरीवर, तोंडावर पदर धरून बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, "किल्ली कुणाकडे असते रे?"

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. काळी पडलेली भिंत कुणाच्या खर्चाने रंगवायची यावर चाळीस मिनिटं चर्चा. कुलुपावर दोन मिनिटं. "उघडं ठेवलं तर पोरं वर जाऊन दारू पितात" असं एक जण म्हणाले, सगळ्यांनी माना डोलावल्या, विषय संपला.

माझा विषय तिथेच सुरू झाला.

तुम्ही कधी विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत लोकलच्या दारात उभं राहून नुसत्या गच्च्या बघत आला आहात? मी गेले काही दिवस तेच करतोय. आपल्याकडे गच्च्यांच्या तीन जाती आहेत. पहिली कुलूपबंद. दुसरी पत्र्याची. पावसाळ्यात गळतं म्हणून शेड टाकली, मग शेड आहेच तर बाजूंनी पत्रे मारले, मग पत्रे आहेतच तर आत सामान आलं आणि कधीकधी माणसंही राहायला आली. तिसरी जात नवी. कृत्रिम हिरवळ, वेताच्या खुर्च्या, दिव्यांच्या माळा, वाढदिवसाचे फुगे, कोपऱ्यात बार्बेक्यूची शेगडी. बिल्डरच्या जाहिरातीत हिचं नाव 'रूफटॉप लाउंज'.

या तिन्ही गच्च्यांवर आगीच्या रात्री काय होईल याचा विचार मात्र कुणी केलेला नाही. हे मी आरोप म्हणून लिहितोय, आणि मीही त्यातच आलो. तेरा वर्षं मी त्या कुलपाशेजारून पाण्याच्या टाकीचा कॉक बघायला जात होतो.

आधी धुराचं गणित समजून घेऊ. इमारतीच्या आगीत माणसं भाजून मरतात त्याहून जास्त गुदमरून मरतात. गरम धूर वर जातो. आपला जिना म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत उभी नळी, थोडक्यात धुराडं. फरक एवढाच की धुराडं वरून उघडं असतं आणि आपण ते कुलूप लावून बंद केलंय. म्हणजे धूर सगळ्यात आधी आणि सगळ्यात दाट कुठे साचणार? गच्चीच्या बंद दाराखाली. जिथे आजी बसल्या होत्या, बरोबर तिथे.

ही कल्पना नाही. 23 मार्च 2010 रोजी कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीला आग लागली. 43 माणसं गेली. त्यातले अनेक जण वरच्या जिन्यात, गच्चीच्या दारापाशी सापडले. दाराला कुलूप होतं. ज्यांनी ते लावलं त्यांच्याही मनात काही वाईट नसणार. त्यांनाही कुठल्यातरी पोरांची, चोरांची, भटक्यांची काळजीच असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर माझं वाचून कुणीतरी भलतंच करेल. आग लागली की गच्चीकडे धावा असं मी म्हणत नाही. जिना मोकळा असेल तर खालीच जायचं. जिन्यात धूर असेल तर घरातच थांबायचं, दाराच्या फटीत ओले कपडे कोंबायचे आणि खिडकीत येऊन हाका मारायच्या. धुराने भरलेल्या जिन्यातून वर चढणं हा जुगार आहे. पण घाबरलेला माणूस हा जुगार खेळतो, नेहमी खेळत आलाय. त्या वेळी वरचं दार उघडणार की नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड, साध्या शब्दांत सांगते की बाहेर पडायच्या मार्गावरचं दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. किल्लीशिवाय. खजिनदार चिपळूणला असले तरी. 24 मीटरहून उंच इमारतींमध्ये मधल्या मजल्यांवर 'रेफ्यूज एरिया' ठेवावा लागतो, म्हणजे संकटात थांबायची मोकळी जागा. आमच्यासारख्या चार-पाच मजल्यांच्या इमारतींना असं काही नसतं. आमचा रेफ्यूज एरिया म्हणजे गच्ची. दुसरा जिनाही नाही. म्हणजे जी इमारत कमी उंच म्हणून नियमांतून सुटते, तिथेच गच्चीचं मोल सर्वांत जास्त. आणि कुलूपही तिथेच.

आता तिसऱ्या जातीकडे वळू. 29 डिसेंबर 2017, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या दोन पबना आग लागली. 14 जण गेले. बरेचसे स्वच्छतागृहात सापडले, कारण बाहेरची वाट कुठे आहे ते कळलंच नाही आणि दार दिसलं ते तेवढंच. तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांचा उल्लेख आला, वरचं छत पेट घेणारं होतं हे समोर आलं. विशेष म्हणजे महापालिकेने मुंबईसाठी रूफटॉप हॉटेलांचं धोरण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केलं होतं. धोरण कागदावर आलं आणि दोन महिन्यांच्या आत माणसं राखेत गेली. कोलकात्यातही तेच. 29 एप्रिल 2025 रोजी बडाबाजारातल्या एका हॉटेलला आग लागून 14 माणसं गेली, आणि मग तिथल्या महापालिकेला आठवलं की गच्ची अडवायची नसते. शहरातली गच्चीवरची हॉटेलं बंद करण्याचे आदेश निघाले. आपल्या देशात गच्चीची आठवण येते ती अशी, प्रेतं मोजून झाल्यावर.

तुम्ही म्हणाल, ते पब होते, आमच्या गच्चीवर फक्त कोजागिरी आणि बारशी होतात. ठीक आहे. मग एक साधा हिशोब करू.

राहत्या इमारतीत किती माणसं असतील याचा अंदाज बांधताना संहिता माणशी 12.5 चौरस मीटर धरते. 200 चौरस मीटरचा मजला म्हणजे 16 माणसं. जिना त्या हिशोबाने रुंद ठेवलेला असतो. त्याच 200 चौरस मीटरच्या गच्चीवर टेबल-खुर्च्या मांडून पंगत बसवली तर एका माणसाला जेमतेम दोन चौरस मीटर लागतात. म्हणजे शंभर माणसं. डीजे लावून नाचायला उभी केली तर अडीचशेच्या वर जातील. जिना तोच. सोळा माणसांच्या मजल्यांसाठी बांधलेला, खाली स्कूटर आणि मध्ये कुंड्या असलेला.

अमेरिकेतल्या इमारत संहितेने 2018च्या आवृत्तीत याचं सरळ उत्तर दिलं. जिथे माणसं वावरणार ती गच्ची बाहेर पडायच्या वाटांच्या बाबतीत मजल्यासारखीच धरायची. तेवढे जिने, तेवढी रुंदी. यात काही मोठं शास्त्र नाही. माणसं बसवलीत ना? मग मोजा त्यांना! आपल्याकडे मात्र गच्ची ही मोजणीतून सुटलेली जागा. प्लॅनवर ती 'ओपन टेरेस' असते. ब्रोशरमध्ये लाउंज असते. आणि अग्निशमन दलाकडे दिलेल्या कागदांत ती नसतेच.

कागदांचं म्हणाल तर कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. तो ज्या इमारतींना लागू आहे त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र घेऊन द्यायचं असतं. यालाच आपण 'फॉर्म बी' म्हणतो. आता तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, शेवटचा फॉर्म बी कधी दिला? दिला असेल तर, एजन्सीचा माणूस गच्चीपर्यंत चढला होता का? आमच्याकडे मी विचारलं. "ते बिल्डरचं काम ना?" असं उत्तर मिळालं. बिल्डर गेली अकरा वर्षं फोन उचलत नाही.

उल्हासनगरचा विषय काढल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. फाळणीनंतर निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या बराकींतून हे गाव उभं राहिलं. जागा तेवढीच, माणसं वाढत गेली, म्हणून ते वर वाढलं. त्यात लोकांचा दोष काढायला माझी जीभ रेटत नाही. पण 2006 साली विधिमंडळाने खास उल्हासनगरची अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी वेगळा कायदा केला, तेव्हा इमारत कागदावर कायदेशीर होणं आणि इमारत राहण्यालायक होणं यातला फरक कुणी लोकांना समजावून सांगितला का? दंड भरल्याने दुसरा जिना उगवत नाही. मे 2021मध्ये नेहरू चौकाजवळच्या पाच मजली इमारतीचा वरचा स्लॅब एकामागून एक मजले फोडत खाली आला आणि सात जण गेले. ती आग नव्हती. पण डोक्यावर काय चढवून ठेवलंय ते बघायचं नाही, ही सवय तीच. टाक्या, माती, फरशीवर फरशी, पत्र्यांचे सांगाडे. सगळं वर जातं, कारण वर कुणी बघत नाही.

आता विरोधी बाजू. चोऱ्या होतात, पोरं टोळकी करतात, कुणी उडी मारेल, डिश अँटेनाच्या वायरी कापतात. ही सगळी कारणं खरी आहेत. मी ती हसण्यावारी नेत नाही. पण यांतल्या एकाही कारणासाठी आतून कुलूप लागत नाही. बाहेरून उघडता येऊ नये आणि आतून ढकललं की उघडावं असे पुश बार बाजारात मिळतात, मॉलमध्ये तुम्ही रोज बघता. दार उघडलं की वॉचमनच्या केबिनमध्ये वाजणारी घंटा बसवता येते. तेही नको असेल तर निदान एक किल्ली दाराशेजारी काचेच्या डबीत टांगा, फोडता येईल अशी. गेल्या गणपतीत मांडवावर आम्ही जो खर्च केला, त्याच्या पुढे हा खर्च काहीच नाही.

माझी मागणी दोनच वाक्यांची आहे. गच्ची मोकळी ठेवायची असेल तर खरोखर मोकळी ठेवा, म्हणजे कुलूप नाही, पत्र्याखाली कोंबलेलं सामान नाही, सिलिंडर नाही. आणि तिथे माणसं बसवायची असतील, लाउंज म्हणून विकायची असेल, हॉल म्हणून भाड्याने द्यायची असेल, तर ती मजला म्हणून मोजा आणि दुसरा जिना, पाण्याची लाइन आणि न पेटणारं छत असल्याशिवाय उल्हासनगर महापालिकेने काय, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी काय, परवानगी देऊ नये. दोन्हींच्या मध्ये जे चाललंय ते बंद व्हायला हवं.

मला गच्ची आवडते हो. लोडशेडिंगच्या काळात अंबरनाथला मामाकडे उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या सगळ्या रात्री गच्चीवर काढल्यात. चटया, माठ, आणि लाइट आली की आख्ख्या गल्लीतून एकदम उठणारा "आली रे!" असा ओरडा. तेव्हा दार रात्रभर सताड उघडं असायचं. चोऱ्या तेव्हाही होत होत्या.

असो. पुढच्या मीटिंगसाठी मी विषय लेखी दिलाय. मीटिंगची तारीख अजून ठरलेली नाही. किल्ली खजिनदारांकडेच आहे. ते चिपळूणहून आले, आणि पुढच्या महिन्यात साखरपुड्याला पुन्हा जाणार आहेत.