फाईल तिचीच का?

सल्ला केंद्राच्या टेबलावर तिने पिशवीतून एक जाडजूड फाईल काढून ठेवली. चार वर्षांत दोनदा गर्भ पडला, त्याची सगळी कागदपत्रे. सोनोग्राफी, थायरॉईड, रक्त-लघवी, नळ्यांचा एक्स-रे. सगळे कागद तिच्या नावाचे. नवऱ्याच्या नावाचा एकही नाही.

नवरा भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात मोल्डिंग मशीनवर आहे. पाळी बारा तासांची. आज एक दाणा, उद्या दुसरा, कधी भंगारातला चुरा. गोणीत काय आहे हे त्याला कोणी सांगत नाही. दाणा वितळतो तेव्हा वास डोक्यात चढतो, इतकेच त्याला ठाऊक.

“त्यांची तपासणी केली का गं?” मी विचारले.

“त्यांची कशाला, ताई? दिवस तर राहतात ना मला. मग त्यांच्यात कसली खोट?”

सासरी आता दुसरी करायची बोलणी चालू आहेत.

मैत्रिणींनो, हा समज एकट्या तिचा नाही. डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा आहे. दिवस राहिले की पुरुष पास झाला. गर्भ पडला तर बाई नापास. या समजाला छेद देणारे काम आपल्या मुंबईतच, परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत झाले आहे.

तिथल्या शास्त्रज्ञांनी बिस्फेनॉल-ए हे रसायन तपासले. पॉलिकार्बोनेट हे कडक, पारदर्शक प्लॅस्टिक त्यापासून बनते. पाण्याचे मोठे जार, डब्यांच्या आतला लेप, दुकानातल्या बिलाचा गुळगुळीत कागद, अशा कितीतरी ठिकाणी ते वापरले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना हे रसायन दिल्यावर हाडांच्या मगजातील पेशींची गुणसूत्रे तुटलेली आढळली, रक्तपेशींतल्या डीएनएला इजा झालेली आढळली. २०१३ च्या प्रयोगात रसायन फक्त नरांना दिले. मोठी मात्रा दिलेल्या नरांच्या शुक्रजंतूंतला डीएनए बिघडला. नंतर त्यांचा संबंध निरोगी माद्यांशी येऊ दिला, तेव्हा काही आठवड्यांत त्या माद्यांच्या पोटातले गर्भ मेले.

पुन्हा वाचा. ज्या मादीला ते रसायन दिलेच नव्हते, तिच्या पोटातला गर्भ मेला. बिघाड नराच्या बीजात होता, दिसला मात्र मादीच्या गर्भाशयात. ती उंदीर होती म्हणून तिला कोणी पांढऱ्या पायाची म्हटले नाही.

उंदरावरून माणसाचे कसे सांगता, असे विचारतील. प्रश्न रास्त आहे. माझ्यासमोर बसलेल्या बाईचा गर्भ नवऱ्याच्या मशीनमुळेच पडला, असे मी म्हणत नाही. तो तपासलाच गेला नाही, असे म्हणते. पण माणसांचा पुरावा अगदीच नाही असेही नाही. चीनमधल्या कारखान्यांतील पुरुष कामगारांच्या अभ्यासात, २००९ साली बिस्फेनॉल-ए हाताळणाऱ्यांत लैंगिक तक्रारी जास्त आढळल्या. २०११ साली, ज्यांच्या लघवीत ते जास्त होते त्यांच्यात शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी आढळली. हे रसायन स्त्री-संप्रेरकासारखे वागते, ही गोष्ट तर १९३६ पासून शास्त्राला माहीत आहे. तरीही कोट्यवधींच्या ताटा-वाट्यांपर्यंत ते पोचू दिले गेले.

आपल्याकडे २०१५ साली भारतीय मानक ब्यूरोने बाळाच्या दुधाच्या बाटलीतून ते हद्दपार केले. चांगले झाले. पण बाळाच्या तोंडी नको असलेले रसायन कामगाराच्या नाकातोंडात कसे चालते? युरोपने २०२४ च्या अखेरीस अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदीचा निर्णय घेतला. आपल्या गाळ्यात गोणीवर नावसुद्धा नाही.

कायद्याचे काय? १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार असले की कायदा लागू होई. मालक नऊच दाखवीत. २०२० च्या संहितेने हा आकडा २० केला. म्हणजे लहान गाळ्यातला कामगार आणखी उघड्यावर.

अशी बातमी आली की दोन उपाय लगेच सुचवले जातात. दोन्ही आपल्याच माथी. पहिला : बायांनो, घरात स्टीलचे डबे वापरा. ज्या भाईंदरात स्टीलची भांडी घडतात तिथल्या बाईला हे शिकवायला नको. डबा बदलून गाळ्यातली हवा बदलत नाही. दुसरा : अशा कामावर बायकांना ठेवू नका. अमेरिकेत एका बॅटरी कंपनीने शिशाच्या कामावरून बायकांना असेच काढले होते. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. शिसे पुरुषाच्या बीजालाही धोक्याचे, हे त्या खटल्यात पुढे आले होते. काढायचे तर विष काढा, बाईची रोजी नव्हे.

नेट-एन इंजेक्शनविरुद्ध १९८६ साली स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा आपण म्हटले होते : आमचे शरीर प्रयोगशाळा नाही. आज तेच वाक्य नवऱ्याच्या शरीरासाठीही म्हणावे लागेल. कामगार संघटनांनो, हा ‘बायकांचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारू नका.

आपल्या मागण्या साध्या आहेत. दाण्याच्या प्रत्येक गोणीवर रसायनाचे नाव, मराठीत आणि हिंदीत. कामगार कितीही असोत, मशीनवर धूर ओढणारा पंखा. पालिकेच्या आणि सरकारी दवाखान्यांत मूल न होण्याची किंवा वारंवार गर्भपाताची तक्रार आली, तर पहिल्याच दिवशी दोघांच्या नावे केसपेपर, आणि त्यावर प्रश्न : काम कोणते करता, कशाशी करता? पुरुषाची तपासणी साधी, पोटात नळी न घालता होणारी. तीच शेवटी का?

तिचा नवरा अजून तपासणीला गेलेला नाही. खाडा झाला तर रोज कापला जातो, आणि लाजही वाटते. मी त्याला भेटणार आहे, सासूबाईंनाही. त्यांना एवढेच विचारणार : दुसरी आणलीत आणि तिचाही गर्भ पडला, तर आणखी एक फाईल उघडणार का?