परिकर्तिका : लाजेनें वाढणारें दुखणें

गेल्या चैत्रांत एका स्नेह्यांकडे जाण्याचा प्रसंग आला. त्यांची धाकटी सून बाळंत होऊन चार महिने झाले होते. पानावर बसे, पण अर्धी पोळी खाऊन उठे. सासूबाईंस वाटे, सुनेस अन्न रुचत नाहीं. खरें कारण पुढें तिच्या आईस कळलें : शौचास जाण्याच्या भीतीनें ती बिचारी अन्नच टाळीत होती. भरल्या घरांत हें दुःख सांगावें कोणास? मूळव्याध समजून तिनें तें चार महिने गिळलें. आणि वस्तुतः ती मूळव्याध नव्हतीच.

ह्या विकारास आपल्या वैद्यकग्रंथांत परिकर्तिका असें नांव आहे. डॉक्टर त्यास फिशर म्हणतात. 'कृत्' म्हणजे कापणें. कर्तरी, म्हणजे आपली कातर, हा शब्द त्याच धातूचा. आणि रोगीहि कातरीनें कापल्यासारखेंच दुखतें असें सांगतो. गुदद्वाराच्या नाजूक अस्तरास, बहुधा पाठीकडील मध्यरेषेवर, उभी चीर पडते. मूळव्याधींत पुष्कळदां रक्त जातें, पण वेदना नसते. येथें रक्त थोडें, परंतु शौचाच्या वेळीं तीव्र वेदना होते व नंतरहि कित्येकदां तासन् तास आग राहते.

चीर पडते ती बहुतेक कठीण मळानें. मग ती लवकर भरत कां नाहीं? वेदनेमुळें आंतील स्नायूचें वलय आवळतें. त्यामुळें त्या जागीं रक्त कमी पोहोंचतें व जखम तशीच राहते. शिवाय भीतीनें रोगी वेग रोखून धरतो. रोखलेल्या मळांतील पाणी आंतडें शोषून घेतें, मळ आणखी कठीण होतो आणि भरत आलेली चीर पुन्हा उलते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा सातवा अध्याय 'नवेगान्धारणीय' ह्याच नांवाचा आहे. त्याचा अर्थ मीं विद्यार्थ्यांस अनेकदां सांगितला. पण तास बुडूं नये म्हणून स्वतः वेग रोखीत आलों व त्याचें फळ दोनदां भोगलें!

दुसऱ्यांदा भोगलें तें निव्वळ माझ्या चुकीनें. दुखणें थांबतांच मीं पथ्य सोडलें. वेदना थांबली म्हणजे जखम भरली असें नव्हे, आणि जखम भरली म्हणजे संवय सुधारली असेंहि नव्हे. हा विकार उलटतो तो बहुधा येथेंच.

पथ्य तसें सोपें आहे. रोजच्या आहारांत २५ ते ३० ग्रॅम चोथा असावा : न चाळलेल्या कणकेची पोळी, भाकरी, सालीची डाळ, पालेभाजी, पेरू, अंजीर. चोथा हळूहळू वाढवावा व पाणी भरपूर प्यावें. रात्रीं इसबगोल घेतल्यास त्यावर पेलाभर पाणी घ्यावेंच. वेग येतांच उठावें, कुंथूं नये, मोबाईल घेऊन बसूं नये. कमोडावर बसणारांनीं पायांखालीं वीतभर उंचीचा चौरंग घ्यावा. शौचानंतर आणि दिवसांतून दोन-तीन वेळां कोमट पाण्याच्या टबांत दहा-पंधरा मिनिटें बसल्यास आवळलेला स्नायु सैल पडतो. जखम भरल्यावरहि आहाराचा हा नियम चालूच ठेवावा.

नवी चीर पुष्कळदां एवढ्यानेंच भरते. सहा-आठ आठवड्यांत न भरल्यास ती जुनी समजावी. मग स्नायु सैल करणारीं मलमें डॉक्टर देतात. तीं सांगितलेले सर्व दिवस लावावीं. त्यांपैकीं ग्लिसरील ट्रायनायट्रेटच्या मलमानें कोणाकोणाचें डोकें दुखतें. तसें झाल्यास डॉक्टरांस सांगावें. त्यानेंहि गुण न आल्यास आंतील स्नायूचा थोडा भाग छेदण्याची शस्त्रक्रिया आहे. तिनें बहुतेकांस आराम पडतो, तथापि क्वचित् वायूवरील ताबा कमी होतो. म्हणून तिचा विचार नीट विचारपूस करूनच करावा.

मात्र रक्त मळांत मिसळून किंवा काळसर जात असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल, शौचाची संवय एकाएकीं बदलली असेल किंवा वय पन्नाशीपुढें असेल, तर घरगुती उपायांवर विसंबूं नये. प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो.

आतां वडीलधाऱ्यांस दोन शब्द. एकत्र कुटुंबांत सकाळीं शौचकूप मोकळा मिळत नाहीं, आणि घरची सून सर्वांचें उरकून शेवटीं जाते. तिनें वेग रोखावा लागूं नये, एवढी सोय घरानें केलीच पाहिजे. बाळंतपणानंतरच्या लोहाच्या गोळ्यांनींहि मळ घट्ट होतो. त्या आपल्या मतानें बंद न करतां डॉक्टरांस विचारावें.

त्या सुनेस पुढें स्त्री-डॉक्टरांकडे नेलें. आतां रोज सकाळीं सासूबाई स्वतः बाळ घेतात व तिला म्हणतात, "तूं आधीं जाऊन ये, चहा मागून होईल." दोन महिन्यांत चीर भरली. औषध तर होतेंच. पण मला वाटतें, त्या एका वाक्याचाहि त्यांत मोठा वांटा आहे.