यंत्र शाबूत, ‘ड्रायव्हर’ बेपत्ता

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक प्रणालीचा नियमित आधार संपुष्टात आणला. विंडोज एक्सपीच्या वाट्याला हेच ८ एप्रिल २०१४ रोजी आले होते. बड्या कंपन्या नवी यंत्रे घेऊन मोकळ्या होतात. सोलापूरसारख्या यंत्रमागाच्या शहराचे गणित निराळे आहे. चादरीवरील जेकार्डच्या नक्षीचे काम असो, की डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघणारी बिले; यंत्र चालते तोवर ते बदलणे छोट्या कारखानदाराला परवडणारे नसते.

अडचण यंत्राची नसतेच. यंत्र आणि प्रणाली यांच्यातील दुभाषी, म्हणजे ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली, तेवढी नाहीशी होते. ३२ बिट प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिट प्रणालीवर चालत नाही. निर्मात्याने नवा लिहिला नाही, की धडधाकट प्लॉटर भंगारात. बरे, जुनी प्रणालीच सांभाळावी, तर पेच उलटा. संगणक बिघडून दुसरा आणला आणि त्यावर एक्सपी चढवू लागले, की हार्ड डिस्कच दिसत नाही. कारण एक्सपीच्या मूळ सीडीत साटा डिस्कच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर नाही. तो फ्लॉपीवरून द्यावा, अशी मूळ व्यवस्था. आज फ्लॉपी आणायची कोठून? बायोसमध्ये जाऊन डिस्क जुन्या आयडीई पद्धतीवर चालवण्याची युक्ती जाणकार दुरुस्तीवाले वापरत आले. नव्या संगणकांत बहुधा तीही सोय नसते. मग कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवला जातो आणि त्याच्या आडून विषाणूही शिरू शकतो. हा धोका काल्पनिक नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती द्यावी लागली होती.

लिनक्समध्ये अनेक जुने ड्रायव्हर टिकून आहेत, हे खरे. पण नक्षीची आज्ञावलीच विंडोजसाठी लिहिलेली असेल तर त्याचा उपयोग मर्यादितच.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. या हक्काची चर्चा सुटे भाग आणि माहितीपुस्तिकांभोवतीच अधिक फिरते. वास्तविक ड्रायव्हर हाही सुटा भागच. उत्पादनाचा आधार थांबवताना शेवटचा ड्रायव्हर व त्याचा तांत्रिक तपशील कंपनीने खुला करावा, अशी अट सरकारला निदान स्वतःच्या खरेदीच्या निविदांत तरी घालता येईल.