वाट पाहण्याचे वाचन

साहित्यकृती हाती येण्यापूर्वीच तिचे वाचन सुरू झालेले असते, हे विधान आता नवे राहिलेले नाही. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात ज्या भूमिकेची मांडणी केली, तिच्यातील ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संज्ञा आपण एम.ए.च्या वर्गात शिकवतो, परीक्षेत तिच्यावर टीपही विचारतो. प्रश्न आहे तो उदाहरणांचा. आपली उदाहरणे बहुधा अशा ग्रंथांची असतात, ज्यांची वाट पाहणारे वाचक केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले. ‘करमणूक’च्या पुढच्या अंकात हरिभाऊ आपट्यांची नायिका कोणत्या संकटात सापडणार, या उत्कंठेचे आपण वर्णन करू शकतो, ती उत्कंठा वर्गात कोणालाही जाणवत नाही. समोर बसलेले विद्यार्थी मात्र कशाची तरी खरोखरच वाट पाहत असतात. बऱ्याचदा ती एखाद्या आगामी व्हिडिओ गेमची असते, आणि म्हणून ती आपल्या लेखी वाङ्मयबाह्य ठरते.

ती वाङ्मयबाह्य नाही, असे माझे मत आहे. त्यासाठी ‘स्टॉकर’ या युक्रेनियन खेळाचे उदाहरण घेतो. वर्गीकरणाच्या भाषेत तो विज्ञानकथात्मक ‘फर्स्ट पर्सन शूटर’, म्हणजे प्रथमपुरुषी नेमबाजीचा खेळ. कीव्हमधील जीएससी गेम वर्ल्ड या संस्थेने त्याची घोषणा २००१ साली केली आणि तो लोकांच्या हाती पडला मार्च २००७ मध्ये. त्याचा पुढचा मोठा भाग २०१० मध्ये जाहीर झाला, २०११च्या अखेरीस संस्थाच बंद झाल्याने बुडाला, २०१८ मध्ये पुन्हा जाहीर झाला आणि शेवटी २० नोव्हेंबर २०२४ रोजी आला. विशीत वाट पाहू लागलेला माणूस त्या दिवशी चाळिशी ओलांडून गेला होता.

या खेळाचे मूळ एका कादंबरीत आहे. अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ १९७२ साली ‘अव्रोरा’ या सोव्हिएत मासिकातून प्रसिद्ध झाली, तीही क्रमशः. परग्रहावरील कोणीतरी पृथ्वीवर येऊन गेले, कोणाशी बोलले नाहीत, आणि मागे राहिला तो त्यांचा कचरा. रस्त्याकडेला सहल करून गेलेल्या माणसांच्या उष्ट्याखरकट्याकडे मुंग्यांनी पाहावे तसे आपण त्याकडे पाहतो आहोत, अशी ही कल्पना. त्या निषिद्ध प्रदेशाला, ‘झोन’ला, चोरून जाऊन तिथल्या वस्तू आणणारा तो स्टॉकर. बोरिस यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे हा शब्द त्यांना किपलिंगच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’वरून सुचला. तार्कोव्हस्कीने १९७९ मध्ये त्याच लेखकद्वयाच्या पटकथेवरून चित्रपट केला आणि कथेतले जवळजवळ सगळे काढून टाकले. उरली तीन माणसे, ओलसर पडीक जमीन आणि मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी करणारी एक खोली. सात वर्षांनी, २६ एप्रिल १९८६ रोजी, चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, प्रिप्यात शहर रिकामे झाले आणि कल्पनेतला झोन तीस किलोमीटरच्या त्रिज्येत प्रत्यक्षात अवतरला. खेळाच्या निर्मात्यांनी कादंबरी, चित्रपट आणि हा भूगोल एकत्र आणला. त्यासाठी ते निषिद्ध क्षेत्रात जाऊन इमारतींची छायाचित्रे घेऊन आले होते.

या तिन्ही कृतींना जोडणारी एक क्षुल्लक वस्तू मला फार बोलकी वाटते. कादंबरीतला रेड्रिक शुहार्ट पुढची जमीन जीवघेणी आहे की नाही हे पाहण्यासाठी लोखंडी चाक्या फेकतो. चित्रपटात त्याच चाक्यांना कापडाची पट्टी बांधलेली असते. खेळात खेळाडूकडे बोल्ट असतात, कधीही न संपणारे. बंदुकीच्या गोळ्या मात्र संपतात, बंदूक ऐन वेळी अडकतेही. ज्या खेळप्रकारात नेम धरणे हीच मुख्य क्रिया असते, तिथे बोल्ट फेकून थांबणे, हवा थरथरते का ते पाहणे आणि मग पाऊल टाकणे हा अनुभव केंद्रस्थानी येतो. रिकामे शेत, दूरवर भुंकणारी कुत्री, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक, शेकोटीभोवती गिटार वाजवणारी अनोळखी माणसे. खेळाडू ज्याला ‘वातावरण’ म्हणतात ते हेच.

इथेच वाट पाहण्याचा प्रश्न गंभीर होतो. आगामी खेळाची उत्सुकता म्हणजे निव्वळ जाहिरातीने घडवलेली हाव, असा आक्षेप घेतला जातो आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. वस्तू तयार नसताना तिचे पैसे घेण्याची रीत या धंद्यात रुळलेली आहे. पण जाहिरात काय दाखवू शकते? दोन मिनिटांच्या चित्रफितीत राक्षस दाखवता येतो, शस्त्रे दाखवता येतात, स्फोट तर येतातच. वातावरण दाखवता येत नाही, कारण ते दृश्य नसून अवधी आहे. काहीही न घडता गेलेली वीस मिनिटे जाहिरातीत बसत नाहीत. त्यामुळे ज्याला वातावरणाचीच ओढ आहे, त्याला जाहिरात पुरत नाही. तो जुन्या कृतींकडे वळतो. या खेळाच्या निमित्ताने किती तरी तरुण तार्कोव्हस्कीच्या त्या संथ, पावणेतीन तासांच्या चित्रपटापर्यंत पोहोचले. स्त्रुगात्स्कींच्या कादंबरीचा ओलेना बोर्माशेंको यांचा २०१२चा इंग्रजी अनुवाद सहज मिळतो, तोही वाचला गेला. वाट पाहणारा माणूस मागे जाऊन वाचतो. आपण कितीही परिशिष्टे लावली तरी हे साधत नाही, हे अध्यापकांनी मान्य करायला हरकत नसावी.

पहिल्या प्रतीक्षेने आणखी एक गोष्ट केली. २००१ ते २००७ या काळात खेळाचे जे रूप जाहीर होत गेले, त्यातले बरेच काही अंतिम रूपात आले नाही. अपुरा मसुदा मध्येच बाहेर फुटलाही होता. खेळ आल्यावर चाहत्यांनी गळलेले नकाशे आणि प्रसंग शोधून काढले, जुन्या मसुद्यांची तुलना केली, आणि २०१४ मध्ये ‘लॉस्ट आल्फा’ या नावाने आधीच्या रूपाची एक पुनर्रचना सिद्ध केली. हस्तलिखितांच्या पाठांतून मूळ पाठ शोधणाऱ्या संशोधकांची ही जातकुळी आहे. फरक इतकाच, की त्यांना शोधायचा होता तो लेखकाने लिहिलेला पाठ नव्हे, तर वाचकांना कबूल केलेला. पाठचिकित्सेच्या आपल्या पुस्तकांत अशा पाठाला नाव नाही. असायला हवे.

दुसऱ्या प्रतीक्षेविषयी इतक्या सहजपणे लिहिता येत नाही. खेळ २८ एप्रिल २०२२ रोजी यायचा होता. जानेवारीत ती तारीख डिसेंबरवर गेली आणि जगभरातून नेहमीची नाराजी व्यक्त झाली. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पहिल्याच दिवशी सैन्य चेर्नोबिलच्या निषिद्ध क्षेत्रात शिरले. ज्या भूमीचे चित्र संगणकावर रेखाटले जात होते, तिच्यावर रणगाडे होते. काम थांबले, संस्थेतले बरेच जण प्रागला गेले, काही युक्रेनमध्येच राहिले, काही सैन्यात दाखल झाले. पूर्वी तिथे काम केलेला एक रचनाकार त्या वर्षी डिसेंबरमध्ये बाखमुतजवळ मारला गेला.

‘कधी येणार?’ हा प्रश्न जो वाचक आदल्या महिन्यापर्यंत हक्काने विचारत होता, त्याचे आता काय करायचे? कलाकृतीवर वाचकाचा आगाऊ हक्क असतो ही भावना आपल्याही ओळखीची आहे. खंडांत निघणाऱ्या कादंबरीचा पुढचा खंड लांबला की आपण लेखकावर रुसतो. त्या रुसव्याला एरवी कोणी नैतिक प्रश्न मानत नाही. इथे तो झाला. याउस यांच्या क्षितिजात वाचकाची अभिरुची आहे, वाङ्मयप्रकाराचे संकेत आहेत, पूर्वी वाचलेल्या कृती आहेत. लिहिणारा हात जिवंत राहील की नाही ही चिंता त्यात कुठे बसवायची?

भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा एक बदल याच वर्षी झाला. खेळाच्या उपशीर्षकातील ‘चेर्नोबिल’ हा रशियन उच्चार जाऊन तिथे ‘चोर्नोबिल’ हा युक्रेनियन उच्चार आला. इंग्रजीत एकाच स्वराचा फरक. पहिल्या खेळाचा ध्वनिविश्व बहुतांशी रशियन होता, शेकोटीभोवतीचे विनोदसुद्धा. दुसऱ्यात पात्रे युक्रेनियन बोलतात आणि रशियन संवाद दिलेलेच नाहीत. कादंबरी रशियन, चित्रपट रशियन आणि त्यांचा वारस आपल्या पूर्वजांच्या भाषेकडे पाठ फिरवून उभा. हा तोटा आहे असे कोणी म्हणेल. मला तो वारसा नाकारणे वाटत नाही. घराच्या नावाचा उच्चार घरातल्यांनी ठरवावा, एवढाच त्याचा अर्थ.

२०२४ मध्ये खेळ आला तो दोषांसह. माणसे आणि जनावरे खेळाडूच्या अनुपस्थितीतही आपापले जीवन जगत राहतात, ही ज्या यंत्रणेची ख्याती होती, तीच सुरुवातीला नीट चालत नव्हती, आणि निर्मात्यांनी ते मान्य केले. दुरुस्त्या नंतर येत राहिल्या. म्हणजे ‘आला’ म्हटल्यावरही कृती पुरती आलेली नव्हती. ‘क्रमशः’चा हा नवा अवतार. युद्धाचे कारण पुढे करून दोषांकडे डोळेझाक करावी असे मला वाटत नाही. सहानुभूती ही समीक्षा नव्हे.

पहिल्या खेळाच्या अखेरीचा उल्लेख करायला हवा. अणुभट्टीच्या पोटात इच्छा पुरी करणारा एक स्फटिक आहे. तो खेळाडूला ‘तुला काय हवे?’ असे विचारत नाही; तोवरच्या वागण्यावरून स्वतःच ठरवतो. ज्याने भरपूर पैसा साठवला त्याची इच्छा श्रीमंतीची मानली जाते. त्याला सोन्याच्या नाण्यांचा पाऊस दिसतो आणि प्रत्यक्षात छत कोसळत असते. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात रेड्रिक ‘मी’ म्हणून बोलतो, पुढे निवेदन तृतीयपुरुषी होते. खेळात मी पाहतो, मी चालतो, आणि शेवटी माझ्याविषयीचा निकाल दुसरेच कोणी वाचून दाखवते. निवेदनशास्त्राच्या तासाला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

स्वागतसिद्धान्ताच्या घटकासाठी म्हणून एक सुचवतो. विद्यार्थी ज्या कृतीची वाट पाहत असतील, मग ती कादंबरी असो, चित्रपट असो की असा खेळ, तिच्याकडून आपल्याला काय हवे आहे हे त्यांनी ती येण्यापूर्वी दोन पानांत, तारीख घालून, लिहून द्यावे. ती पाने विभागात जपून ठेवावीत आणि कृती आल्यानंतरच, अंतर्गत मूल्यमापनाच्या वेळी, परत द्यावीत. त्यासाठी दोन सत्रे पुरणार नाहीत, ही अडचण खरी आहे. अभ्यासमंडळाने ती कशी सोडवायची ते पाहावे.