सरोदच्या चिखलात

बडोद्याच्या वाडी भागातल्या पोळीत, म्हणजे गल्लीत, वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे सुट्टीत दमण किंवा दीवला जाऊन बघून यायची गोष्ट. बडोदे शहर किनाऱ्यापासून लांब आहे, हे खरेच. पण या शहराचे काहीतरी रोज समुद्राकडे जाते, आणि ते विटांनी बांधलेल्या एका कालव्यातून जाते.

कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली. मागोमाग खतांचे आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आले, नंदेसरीची औद्योगिक वसाहत वसली. त्यांचे सांडपाणी सुरुवातीला मिनी आणि मही या नद्यांत जाई, आणि काठच्या विहिरी बिघडत. त्यावर उपाय म्हणून सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा कालवा बांधला गेला आणि १९८३ साली तो वाहू लागला. पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून उताराने जात तो महीच्या मुखाशी, सरोद गावाजवळ, खंभातच्या आखाताला मिळतो. शहरापुरता प्रश्न सुटला.

जागा आखाताचीच का निवडली, त्यालाही कारण होते. इथली भरती देशात सर्वांत मोठ्या भरतींत मोडते. भावनगरच्या बाजूला भरती आणि ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होत असेल, तर सांडपाणी त्यात पांगून जाईल, असा हा हिशेब. तज्ज्ञ त्याला ‘डायल्यूशन’, म्हणजे विरळ करणे, म्हणतात.

हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो अर्ध्यावर सोडलेला आहे. आखाताचे पाणी गाळाने गढूळ असते. जड धातू त्या बारीक कणांना चिकटतात आणि पाण्याची ओढ सैल पडली की गाळाबरोबर किनाऱ्यावर बसतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचा भर मुख्यतः ‘सीओडी’ उतरवण्यावर असतो. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा प्राणवायू; तो जितका जास्त, तितके पाणी खराब. विरघळलेले क्षार मात्र नेहमीच्या प्रक्रियेने निघत नाहीत. ते आले तसे पुढे जातात.

ओहोटी लागली की किनाऱ्यावर लांबवर चिखल उघडा पडतो. त्यावर पोट असलेल्यांपाशी होडी नसते. गुजरातेत त्यांना ‘पगडिया’, म्हणजे पायी मासेमारी करणारे, म्हणतात. गुडघाभर चिखल तुडवत खुंट्यांना बांधलेली जाळी बघायची, बिळात हात घालून लेवटा काढायचा, आणि पाणी परतायच्या आत माघारी यायचे. लेवटा म्हणजे आपल्या कोकणातली निवटी: डोळे टाळूवर, चिखलात टुणटुण उड्या मारणारा मासा. चिखलावर धरलेली शेवाळाची साय खरवडून तो जगतो. गाळाबरोबर जे येऊन बसेल, ते सर्वांत आधी त्याच्या पोटात जाणार.

समुद्री अर्थव्यवस्थेतला न्याय हा विषय आता पदव्युत्तर संशोधनात येऊ लागला आहे. त्यात साधारण तीन गोष्टी विचारतात: फायदा कुणाला आणि तोटा कुणाला, निर्णय घेताना कुणाला विचारले, आणि मुळात कुणाला हिशेबात धरले. पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ लिहिले जाते. अडते तिसऱ्यापाशी. मासळीचे आकडे बंदरावर उतरलेल्या टनांत आणि होड्यांच्या संख्येत मोजण्याची आपली सवय आहे. पायी धरलेली मासळी बहुधा बंदरावर येतच नाही. ती गावच्या बाजारात नाहीतर घरच्या चुलीवर जाते. त्यामुळे ती निम्म्यावर आली तरी आकडा हलत नाही.

आकडा हलवता येतो, हे मुंबईजवळच्या उरणने दाखवले. बंदराच्या भरावाने भरतीचे पाणी कोंडले आणि कांदळवन गेले, अशी तक्रार घेऊन तिथले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी चार कोळीवाड्यांतल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. कुटुंबामागे ही रक्कम सुमारे ५ लाख ८४ हजार होते. निकालाला पुढे आव्हान मिळाले. तरी ज्या खाडीचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो, तिच्यावरच्या वहिवाटीला रुपयांत किंमत लागली, ही गोष्ट उरते.

बडोद्यातूनही एक मोठा निकाल घडला आहे. इथल्या पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी, सांडपाण्याची प्राथमिक प्रक्रिया न करणारे कारखाने तीन महिन्यांच्या नोटिशीनंतर बंद करण्याचा आदेश दिला. त्याचा रोख कारखान्याच्या तोंडाशी काय बाहेर पडते यावर आहे. कालव्याच्या दुसऱ्या टोकाची मोजणी अजून कुणीतरी करायची आहे.

ती बडोद्यानेच करावी, असे आमचे मत आहे. समुद्राचा अभ्यास बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल यांनी ओखामंडळच्या समुद्री प्राण्यांवर बडोदे सरकारसाठी केलेला अहवाल १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत निघाला. आज महाराजांच्याच नावाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजकार्य एकाच शहरात शिकवतात. तिन्हीकडचा एकेक विद्यार्थी वर्षभर सरोदला जात राहिला, तर किती घरे चिखलावर जगतात, दर पंधरवड्याला किती लेवटे मिळतात आणि वडिलांच्या वेळी किती मिळत, एवढे तरी लिहून ठेवता येईल. जाताना तिथी बघून निघावे. भरतीच्या पाण्याचा नमुना आणि ओहोटीनंतरच्या चिखलाचा नमुना, दोन्ही आणावेत, आणि बाटलीवर वेळ लिहायला विसरू नये.